बिनदुधाचा चहा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पंधरा दिवसांपूर्वी गाठून सांगितले की, यंदाच्या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. मी म्हटले, “मला कुठे बोलता येते? मी आपली चहाच्या खात्यावरची बाई.” गेली बावीस वर्षे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी मागच्या खोलीत शेगडीजवळ असते हे तुम्ही जाणताच. इथे कोण वक्ते आले, काय बोलले, हे मला क्वचितच ठाऊक. पण कोणाला साखर किती लागते ते विचारा. तर चिटणीसबाई म्हणाल्या, “मग चहावरच बोला.” मी हो म्हटले. पण आज जो चहा सांगणार आहे तो तुमच्या ओळखीचा नव्हे. हा बिनदुधाचा मसाल्याचा चहा.

पाहा, काही जणी हसल्या. मीही हसले असते. माझे माहेर कोल्हापूरचे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असत, डोळ्यांदेखत धार काढली जाई आणि फेसाने भरलेला पेला हातात येई. सुट्टीत वडील आम्हां भावंडांना तिथे नेत आणि फेसाच्या मिशा पुसायच्या आत दुसरा पेला पुढे करीत. अशा घरातली मुलगी १९७८ साली लग्न होऊन इथे रत्नागिरीला आली, ती दुधाचा अभिमान पदरात बांधूनच. पहिल्या दिवशी सासरचा चहा पाहून मनात म्हटले, हा चहा की चहाचे धुवण! पुढे त्या घरात चहाचे खाते माझ्याकडे आले आणि मी तो चांगला दाट केला. पाहुणा आला आणि त्याला कोरा चहा द्यावा लागला म्हणजे घरात दूध नासले, नाही तर घराची कळा गेली, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत पुष्कळ जणींची असेल. म्हणून आधी माझ्याच घरात काय घडले ते सांगते. सांगताना मला बरे वाटणार नाही, पण सुनेची परवानगी घेऊन आले आहे.

२०१५ साली आमच्या मुलाचे लग्न झाले. सून सावंतवाडीकडची. लग्न ठरतानाच तिच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, मला बाजूला घेऊन सांगितले होते, “हिला लहानपणापासून दूध चालत नाही हो. दही नाही, तूप नाही, पेढासुद्धा नाही.” मी मान डोलावली. मनात म्हटले, लाडावलेली दिसते. आमच्याकडे आली की होईल सवय. सून आली. सकाळी सगळ्यांचा चहा झाला की ती आपला वेगळा लहान टोप ठेवी. आले, वेलची घालून कोरा चहा करी आणि नारळाचे दूध काढून त्यात घाली. शिरवाळ्यांबरोबर आपण जो रस करतो ना, तसाच, पण बिनगुळाचा. मला तो टोप डोळ्यांत खुपे. घरात एक चहा असताना दुसरा चहा कशाला?

२०१६ साली गणपतीचे दिवस होते. कोकणातल्या घरी गणपतीत माणसांची रीघ किती असते ते तुम्हांला सांगायला नको. माझी एक नणंद सुनेच्या पेल्याकडे पाहून म्हणाली, “हे काय, सुनेला दूध मिळत नाही वाटतं घरात?” बोलणे थट्टेचे, पण मला लागले. आणि त्या रागाच्या भरात मी एक गोष्ट केली. ओट्यावर तिच्या नारळाच्या रसाची वाटी होती. तीत मी म्हशीच्या दुधाचे दोन चमचे घातले. हेतू असा की, पिऊ दे, काही होत नाही हे तिलाही कळू दे आणि सगळ्यांनाही. दोन चमच्यांनी काय होते?

काय होते ते मी पुढच्या दहा मिनिटांत पाहिले. आधी तिचे ओठ सुजले. मग मानेवर, हातांवर गांधी उठल्या. मग ती नुसती दाराशी बसून श्वास ओढू लागली. मुलाने तिला गाडीत घातले, इस्पितळात नेले. तिथे इंजेक्शन दिले आणि रात्रभर ठेवून घेतले. डॉक्टर पुनःपुन्हा विचारत होते, काय खाल्ले, काय प्यायली? ती सांगत होती, रोजचाच चहा. मुलगा म्हणत होता, नारळ खराब असेल. मी कोपऱ्यात उभी होते. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी पुढे होऊन सांगितले. डॉक्टर मला ओरडले नाहीत. ते म्हणाले, “बरे झाले सांगितलेत. आता औषध काय द्यायचे ते आम्हांला कळते.” मुलगा मात्र कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी मला जे समजावून दिले ते आपल्यापैकी प्रत्येकीने ऐकावे असे आहे. दूध न पचणे ही एक गोष्ट आणि दुधाची ॲलर्जी ही दुसरी. आपण दोन्हींना ‘दूध बाधते’ असे म्हणतो आणि इथेच घोटाळा होतो.

दुधात एक साखर असते, लॅक्टोज नावाची. ती पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचक रस लागतो. तान्ह्या मुलात तो भरपूर असतो. वय वाढते तसा तो पुष्कळांत कमी होतो. जगातल्या निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांची ही स्थिती आहे, म्हणजे हा काही विचित्र आजार नव्हे. अशा माणसाने पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, वायू धरतो, कधी जुलाब होतात. पण त्याला चमचाभर दूध बहुधा सोसते, आणि ताक-दहीही पुष्कळदा चालते, कारण विरजण लागताना त्यातली बरीचशी साखर कमी झालेली असते. बाजारात लॅक्टोज काढलेले दूध मिळते ते अशांसाठी.

ॲलर्जीचे तसे नाही. तिथे भांडण साखरेशी नसून दुधातल्या प्रथिनांशी असते, केसिन आणि व्हे ही त्यांची नावे. शरीर त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. त्या लढाईत जीव घुसमटतो तो माणसाचाच. इथे चमचा आणि पेला असा भेद नाही. लॅक्टोज काढलेले दूध इथे चालत नाही, कारण प्रथिने त्यात आहेतच. गाईचे बाधते म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, तर तेही नाही. त्यांची प्रथिने इतकी सारखी असतात की शरीर फसत नाही. तुपात प्रथिनांचा अंश राहिलेला असू शकतो, म्हणून तेही भरवशाचे नाही. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते. काहींची जात नाही. आमच्या सुनेची गेली नाही.

घरी आल्यावर ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच केले की स्वतःचा चहा स्वतः करून, पेला हातात धरूनच ती सगळीकडे वावरू लागली. पेला ओट्यावर ठेवीना. माझ्या चहाच्या खात्यावर इतका मोठा ठपका कधी पडला नव्हता.

मग मी ठरवले की हा चहा आपण शिकायचा आणि तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत करायचा. मला वाटले, त्यात शिकण्यासारखे काय आहे? नेहमीचा चहा करायचा आणि दुधाच्या जागी नारळाचे दूध ओतायचे. तसा केला. उकळी आली आणि सगळे फाटले; वर तेलाचे डोळे, खाली चोथा. दुसऱ्यांदा केला तो फाटला नाही, पण इतका कडू झाला की मीच टाकून दिला. सूनबाई दाराशी उभी राहून पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती पुढे आली आणि म्हणाली, “आई, सोलकढी कधी उकळता का?” एवढेच. पण त्या एका वाक्यात निम्मी विद्या आली.

आता ती विद्या तुम्हांला देते.

आपल्या दुधाच्या चहात आपण काय करतो? पाणी, दूध, पूड, साखर, आले सगळे एकत्र करून दणदणीत उकळतो. ते चालते, कारण दुधातली प्रथिने चहातल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात. चहा कितीही उकळला तरी जिभेला तुरटपणा कमी लागतो. दूध काढून घेतले की तो पहारेकरी गेला. मग पूड पाच मिनिटे उकळली तर काढ्याहून वाईट चव येते. म्हणून पहिला नियम असा: मसाला जास्त उकळावा, चहा कमी. दोघांना एकाच वेळी भांड्यात घालू नये.

दोन मोठ्या कपांसाठी दीड कप पाण्याचे आधण ठेवावे. त्यात अर्धा इंच आले ठेचून, दोन वेलदोडे सालासकट ठेचून, तीन मिरे आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घालावा. दालचिनीची पूड घालू नये, ती पाण्यात बुळबुळीत होते. गवती चहाची दोन पाने असतील तर गाठ मारून टाकावीत. (गवती चहाला आपण चहा म्हणतो खरे, पण तो चहाच्या कुळातला नव्हे, गवत आहे, म्हणून रात्री नुसता गवती चहा घेतला तरी झोप उडत नाही.) झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे उकळावे. घरभर वास सुटला की समजावे, मसाला उतरला. मग दोन लहान चमचे पूड घालून आच बारीक करावी, दीड ते दोन मिनिटे ठेवावे आणि लगेच गाळावे. भांड्यात तसाच मुरत ठेवू नये.

नारळाचे दूध काढायचे ते रोजचे काम, ते मी तुम्हांला काय सांगणार? खवलेला नारळ, कोमट पाणी, मिक्सर आणि मलमलीचे फडके. पण पहिले जाड दूध आणि दुसरे पातळ दूध वेगळे ठेवावे. पातळ दूध हवे तर मसाल्याच्या पाण्यात सुरुवातीलाच घालावे. जाड दूध, दोन कपांना अर्धी वाटी, वेगळ्या भांड्यात नुसते गरम करावे, वाफ दिसेपर्यंत. उकळी येऊ देऊ नये. मग त्यात गाळलेला चहा हळूहळू ओतावा. दुधात चहा, चहात दूध नव्हे. असे केले की फाटत नाही आणि वर तेल येत नाही.

या चहाला गूळ फार छान लागतो. म्हशीच्या दुधाच्या चहात गूळ घालायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो, कधी फाटेल सांगता येत नाही. नारळाच्या दुधाला गुळाचे भय नाही. आपल्या कितीतरी खिरी त्याच जोडीवर उभ्या आहेत. मी तर आता माझ्यासाठीही गूळ घालूनच करते. कोल्हापूरचा गूळ, अर्थातच.

नारळ नेहमी घरात असेलच असे नाही, आणि घाटावरच्या मैत्रिणींना तो रोज परवडायचा नाही. तर काजूचे दूध करावे. पंधरा-सोळा काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून कपभर पाण्यात अगदी गंधासारखे वाटावेत. गाळावे लागत नाही. तापवले की ते दाट होते, म्हणून आधीच पातळ ठेवावे, नाहीतर चहाची आमटी होते. काजूचा चहा मला सगळ्यांत दुधाच्या जवळचा वाटतो. आमच्या यजमानांना मी तो न सांगता दिला आणि त्यांनी दुसरा कप मागितला. (न सांगता देण्याची माझी खोड गेलेली नाही असे तुम्ही म्हणाल, पण यजमानांना काहीही चालते हे मी चाळीस वर्षे तपासून पाहिले आहे.) बदाम रात्री भिजवून, सोलून, वाटून, गाळून घ्यावेत, वास सुरेख, पण दूध पातळ आणि खर्च मोठा. शेंगदाण्याचे दूध स्वस्त. दाणे भाजून, सालं काढून, भिजवून वाटावेत. मात्र दाण्याचा वास वेलदोड्याशी भांडतो. तिथे आले आणि सुंठ एवढेच ठेवावे.

ओट्सचे दूध मुंबईच्या मुली करतात. थंड पाण्यात अर्धा मिनिट फिरवावे आणि न पिळता गाळावे. जास्त फिरवले किंवा पिळले की तार धरते. तापवल्यावरही दाट होते. मला स्वतःला तो चहा पेजेसारखा लागला, पण आवडणाऱ्यांना आवडतो. सोयाबीनचे दूध घरी केले तर ते वाटून-गाळून झाल्यावर चांगले उकळलेच पाहिजे, कच्चे सोयाबीन पोटाला बाधते. आणि चहात ते पटकन फाटते, विशेषतः चहा कडक असेल तर. दूध आधी गरम, चहा थोडा निवलेला आणि ओतणे सावकाश, एवढे सांभाळले तर निभते.

आणि यांपैकी काही घरात नसेल तर सरळ कोरा मसाल्याचा चहा प्यावा. त्यात लिंबाचे चार थेंब टाकले की त्याचा रंग कसा उजळतो ते मुलांना दाखवा, त्यांना मोठी गंमत वाटते. कोऱ्या चहाची लाज मला आता वाटत नाही. काश्मिरात केशर, वेलदोडा, बदाम घातलेला कहवा बिनदुधाचा असतो आणि तो पाहुण्याला मानाने देतात. मलबारात मेजवानीनंतर सुलेमानी देतात, बंगाल्यांचा लेबू चा आहेच. आपलाच अभिमान दुधात अडकलेला.

तोही किती जुना? आसामात चहाची झुडपे इंग्रजांच्या नजरेस आली ती १८२३ च्या सुमारास. पुढे मळे झाले, पण माल जाई विलायतेला. आपल्या लोकांना चहाची सवय लागावी म्हणून मळेवाल्यांनी विसाव्या शतकात मुद्दाम प्रचार केला, आणि त्यांचे शिकवणे इंग्रजी पद्धतीचे होते: पत्ती भरपूर, दूध बेताचे. आपल्या टपरीवाल्यांनी ते उलटे केले. पत्ती थोडी, दूध-साखर फार आणि वर आले-वेलदोडा! मळेवाल्यांना ते बिलकूल आवडले नाही, कारण त्याने पत्ती कमी खपे. १९३० च्या सुमारास आसामात पत्तीचे बारीक दाणे करणारे सी.टी.सी. यंत्र निघाले आणि कडक, स्वस्त पूड मिळू लागली. तिने दुधाच्या चहाचे राज्य पक्के केले. म्हणजे जो चहा मी धर्मासारखा सांभाळत होते तो माझ्या आजीच्या लहानपणी बहुधा तिच्या घरात नव्हता. तेव्हा सर्दी-पडशाला सुंठीचा नाहीतर गवती चहाचा काढा असे, गूळ घातलेला, बिनदुधाचा.

याच दाणेदार पुडीमुळे एक सांगावेसे वाटते. तिचा रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. बिनदुधाच्या चहाला निम्मी ती पूड आणि निम्मी लांब पानांची पत्ती असे मिश्रण घ्यावे. नुसत्या दाण्याचा करायचा तर एक मिनिटसुद्धा पुरे होते.

आता मसाल्याचे प्रमाण. मंडळात मी जो मसाला करते तो पुष्कळ जणी मागतात, पण तो दुधाच्या चहाचा आहे. दूध तिखटपणा दाबते. बिनदुधाच्या चहात तोच मसाला घशाला ओरखडे काढतो. म्हणून सुनेसाठी वेगळी बरणी आहे: सुंठ ५० ग्रॅम, हिरवे वेलदोडे २५ ग्रॅम, बडीशेप १५ ग्रॅम, दालचिनी १० ग्रॅम, मिरे ५ ग्रॅम, लवंगा फक्त सात-आठ आणि जायफळ पाव. दालचिनी इथे इतर जिनसांबरोबर कुटली जाते आणि चिमूटभरच पडते, म्हणून बुळबुळीतपणा जाणवत नाही. बडीशेप गोडवा आणते आणि साखर थोडी कमी लागते. कोणी ज्येष्ठमध घालतात. चव चांगली येते, पण ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये, त्याने दाब वाढतो.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगते, त्या कंटाळवाण्या आहेत पण सोडता येत नाहीत. बाजारात चहा पांढरा करायची जी भुकटी मिळते तिच्यावर पुष्कळदा ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेले असते. त्यावर विसंबू नका. मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे ‘सोडियम केसिनेट’ असे असेल तर ते दुधातलेच प्रथिन आहे. लॅक्टोज न पचणाऱ्याला ते बहुधा त्रास देत नाही, ॲलर्जीवाल्याचा मात्र घात करू शकते. तयार चहाच्या पुड्यांत दुधाची भुकटी असते, तेही पाहावे. दुसरे, काजू, बदाम, शेंगदाणे, सोयाबीन यांचीही ॲलर्जी असणारी माणसे असतात. तेव्हा दूध नाही म्हणून निर्धास्त होऊन काजूचा चहा पुढे करू नये, आधी विचारावे.

आणि लहान मुलांविषयी. घरी काढलेल्या या दुधांत गाई-म्हशीच्या दुधाइतके कॅल्शियम नसते. सोयाबीन सोडले तर प्रथिनेही फार थोडी. चहा पांढरा झाला म्हणजे दुधाची भरपाई झाली असे समजू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यांतले काहीही देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. मोठ्या मुलांना आणि आपल्यालाही नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तीळ आहेत, राजगिरा आहे, शेवग्याचा पाला आहे, आणि मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आहे. सुनेला नाचणीची आंबील मी आता रोज करते. पूर्वी ताक घालीत असे, आता तिच्यापुरते कोकमाचे आगळ घालते.

शिवाय, जेवणावर लगेच चहा घेण्याची आपल्याला जी सवय आहे ती चांगली नव्हे, दुधाचा असो की बिनदुधाचा. चहातले तुरट द्रव्य अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. आपल्या मंडळाच्या तपासणी शिबिरांत किती जणींचे रक्त कमी निघते ते तुम्ही पाहतच आहात. मी चहाच्या खात्यावरची बाई असून हे सांगते, तेव्हा ऐका.

माझी गोष्ट अर्धी राहिली. २०१६ च्या दिवाळीपासून मी रोज सकाळी सुनेचा चहा तिच्यासमोर करू लागले. तिचा टोप, तिचे गाळणे, तिचा चमचा, सगळे वेगळे, वेगळ्या फळीवर. गाळण्याच्या जाळीत दुधाचा अंश कसा अडकून राहतो ते एकदा सुकलेले गाळणे उजेडात धरून पाहा. ती समोर उभी राही, मी करीत असे. बोलणे जेमतेम. असे कित्येक महिने गेले. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एक दिवस तिला कामावर जायची घाई होती. ती माजघरात पाठमोरी बसून वेणी घालीत होती. मी चहा करून पेला तिच्या शेजारी ठेवला. तिने मागे वळून पाहिले नाही, विचारले नाही, पेला उचलला आणि प्यायला लागली. मी स्वयंपाकघरात परत आले आणि थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले.

आता मंडळाकडे वळते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शंभरावर बायका आल्या होत्या. मी मुद्दाम पाहत होते. अकरा जणींनी “चहा नको” म्हटले. आपण दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा कप हातात दिला. त्यांतल्या चौघींनी तो खिडकीत ठेवून दिला. मी नंतर एकेकीला गाठून विचारले. दोघींना दूध पचत नाही, एकीच्या पोटावर उपचार चालू होते, एकीने सोडलेच आहे. कोणीही आपणहून सांगितले नाही, कारण चहाला नाही म्हणणे आपल्यात उद्धटपणाचे समजतात. आग्रह करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, म्हणून हे आधी मलाच सांगते आहे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी. मंडळाच्या भांड्यांत एक पातेले, एक गाळणे, एक पळी आणि एक किटली बिनदुधाच्या चहासाठी वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नये, कितीही गर्दी असली तरी. पातेले आणि किटली मी देते. गाळणे आणि पळी मंडळाने घ्यावी. आमंत्रणाच्या चिठ्ठीत एक ओळ घालावी की, कोणाला काही चालत नसेल तर आधी कळवा. आणि कोणी नको म्हटले तर एकदाच विचारावे, “बिनदुधाचा देऊ का?” तरी नको म्हणाली तर पाणी द्यावे आणि पुढे जावे.

आज मागच्या खोलीत दोन किटल्या ठेवल्या आहेत. जिच्या कडीला निळा दोरा बांधला आहे तिच्यात नारळाच्या दुधाचा गुळाचा चहा आहे. तो मी केला आहे आणि सूनबाईने गाळला आहे. ती तिथे शेजारीच उभी आहे, काय काय घातले ते तिला विचारा. काजू त्यात नाहीत. निळ्या दोऱ्याच्या किटलीचे कप डाव्या ताटात आहेत, ते उजव्या ताटात मिसळू नका. अध्यक्षीणबाई, तुमचा बिनसाखरेचा मी वेगळा ठेवला आहे.